दारापर्यंत गाडी

वन्सं, तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी तुमच्या कोरसवाल्यांच्या असोसिएशनच्या बायका आल्या. दार उघडलं तर गॅलरीभर बायका. आणि चपला सगळ्यांनी उंबऱ्याबाहेर एका ओळीत काढलेल्या, टाचेला टाच लावून, शाळेतल्या मुलींसारख्या. मला पहिला संशय त्या ओळीचाच आला. दुखवट्याला आलेली माणसं चपला कशाही टाकतात.

आत येऊन त्या भिंतीला पाठ लावून बसल्या. आपली खोली केवढी ती तुम्हाला माहीत आहे. मांडीला मांडी लागत होती. तरी दोघींच्या मध्ये एका माणसाची जागा मोकळी राहिली. समोरची गोदावरी बघायला आलीच, ती कुठली राहते! तिला ती जागा दिसली. ती टेकणार, तेवढ्यात दोन्ही बाजूंच्या बायकांनी एकदम हात आडवा केला.

"इथे नको, मावशी."

"का गं बाई? फरशी ओली आहे?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आपण असं का केलं ते त्यांनाही कळलं नसावं. गोदावरी दारातच उभी राहिली आणि मला डोळ्यांनी म्हणाली, बघ. मी पण मनात तेच म्हणत होते. ह्या काहीतरी ठरवून आल्या आहेत.

त्यांतल्या मोठ्या त्या मालतीबाई, असोसिएशनच्या सेक्रेटरी. तुम्ही त्यांचं नाव घ्यायचा तेव्हा मला वाटायचं, कुणी गॉगलवाली असेल. निघाल्या सुती साडीतल्या, गुडघे धरून बसणाऱ्या. त्यांनी माझा हात हातात घेतला. तुमच्याबद्दल थोडं बोलल्या, मग मोरीकडे वळून म्हणाल्या, "नंदा, पाणी दे गं."

आणि नंदा पाणी घेऊन आली.

माझ्या लेकीचं नाव त्यांना कसं ठाऊक, वन्सं? तुम्ही म्हणाल, माझ्या तोंडून ऐकलं असेल. पण नुसतं ऐकलेलं नाव माणूस जरा चाचपडत घेतो. ह्यांनी रोजच्यासारखं घेतलं. आणि नंदाही दचकली नाही. परक्या बाईने हाक मारली तर ती आधी माझ्याकडे बघते. त्या दिवशी बघितलं नाही.

मग मालतीबाई मुद्द्यावर आल्या. "आमच्यात पद्धत आहे, वहिनी. मेंबर गेली की कोरसमधली तिची जागा आधी तिच्या घरात विचारायची. घरात गाणारं कुणी नसेल तरच बाहेर."

"आमच्यात कुणी गात नाही," मी म्हणाले.

नंदाच्या हातातला पेला तांब्यावर आपटला.

"बरं," मालतीबाई म्हणाल्या. "पण रविवारी पार्ल्याला या. सुमनसाठी सगळे जमणार आहोत. आमच्यात भाषणं नसतात, गाणं असतं. सुमनचे भाऊ आले तर आनंदच आहे, पण तुम्ही याच."

मीच का? मी खालच्या केशवजीच्या दुकानात नारळ आणायला गेले तरी बोट दाखवून मागते, हे तुम्हीच सगळ्यांना सांगून हसायचा. अशा बाईला सभेला बोलावतात ते काय उगाच? त्या गेल्यावर मी उंबऱ्याबाहेर बघितलं. चपलांची ओळ गेली होती, पण माझ्या डोक्यात ती तशीच होती.

तुम्ही गेलात त्या दिवशी मी पुष्कळ रडले. पण त्या दुपारपासून रडणं थांबलं आणि विचार सुरू झाला. खरं म्हणजे तो विचार जुनाच. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासूनचा.

सासूबाई मला म्हणाल्या होत्या, "आमची सुमन गाते. रेकॉर्डिंगला जाते." मला केवढं अप्रूप! माहेरी देवगडला आमच्या घरात भजनाशिवाय गाणं नव्हतं. मी वाट बघत राहिले, वन्सं आज गातील, उद्या गातील. तुम्ही कधी गायलाच नाहीत. गणपतीच्या आरतीला सगळी चाळ बेंबीच्या देठापासून ओरडायची आणि तुमचे नुसते ओठ हलायचे. आंघोळ करताना नाही, पाळण्याशी नाही. नंदा तान्ही असताना रात्रंदिवस रडायची, मी घोगऱ्या आवाजात काहीबाही म्हणत बसायचे आणि घरातली गायिका शेजारी बसून नुसती थोपटायची.

मी एकदा विचारलंच. "वन्सं, तुम्ही गाता म्हणतात. मग एकदा गाऊन दाखवा की."

"माझं एकटीचं गाणं नसतं गं, वहिनी. सगळ्यांत मिळून असतं."

"असं कसं? दहा बायकांनी मिळून भाकऱ्या थापल्या तरी आपली भाकरी आपल्याला ओळखू येते."

तुम्ही हसलात. "माझी भाकरी खालची. वरच्या चवडीला धरून ठेवणारी."

ह्याला काय उत्तर म्हणायचं? मला वाटलं, टाळलं.

मग ती कोळीगीतांची कॅसेट आली. आपल्या अंधेरीत एक गणपती त्या कॅसेटशिवाय गेला नाही. होडी निघते आणि मागून बायका साद देतात, ते गाणं. मांडवातल्या कर्ण्यावर ते लागलं की तुम्ही भांडी घासता घासता म्हणायचा, "ह्यात मी आहे." तुमच्या दादांनी टेपरेकॉर्डर आणला तेव्हा मी घरात कुणी नसताना त्याला कान लावून बसले. पुन्हा पुन्हा मागे घेतलं. बायका ऐकू येत होत्या. तुम्ही नव्हतात.

"कुठे आहात तुम्ही ह्यात?"

"खाली."

"खाली म्हणजे कुठे?"

"तू वर शोधतेस म्हणून सापडत नाही."

कॅसेटच्या कागदावर गाणाऱ्या बाईंचा फोटो, गाणं बांधणाऱ्याचं नाव, ढोलकीवाल्याचंसुद्धा नाव. तुमच्यासाठी एकच शब्द, 'आणि कोरस'. आता सांगा. जी बाई घरात गात नाही, गाण्यात ऐकू येत नाही, कागदावर दिसत नाही, ती रोज नीटनेटकी साडी नेसून जाते कुठे? मी संशय घेतला त्याचं मला वाईट वाटत नाही. कुणीही घेतला असता.

आणि तुमची ती असोसिएशन. जे म्हणून फायदे ती मेंबरांना द्यायची, ते एकेक माझ्या संशयाला खतपाणीच घालायचे.

आपल्याकडे फोन नाही. कोरसमधल्या बहुतेकींकडे नव्हता. म्हणून असोसिएशनच्या ऑफिसातून मेंबरांना निरोप यायचे, केशवजीच्या दुकानात. तुम्ही घरात नसलात की केशवजी वर हाक मारायचा आणि मला पदर सावरत खाली जावं लागायचं. दर वेळी तोच बाप्याचा आवाज, जाड, मधाळ. "सुमनला सांगा, उद्या दहाला." सुमनला! ताई नाही, बाई नाही. मी फोन हातभर लांब धरून "हो" म्हणायचे आणि केशवजी तोपर्यंत तराजूत डाळ घालणं थांबवायचा.

"कोण हो तो?" मी विचारलं.

"फर्नांडिस मास्टर. आम्हाला गाणी बसवून देतात. निरोप पण तेच देतात."

"आणि दुसरं कुणी नाही तिथे निरोप द्यायला?"

"आहे ना. पण मास्टर ऑफिसातच बसून असतात, त्यांना फोनवर बोलायची हौस."

मग तो सांताक्रूझचा डॉक्टर. असोसिएशनने गळ्यासाठी लावून दिलेला, मेंबरांना फुकट. तुम्ही सारख्या तिथे. बिनलग्नाची बाई सारखी डॉक्टरकडे जाते म्हटल्यावर गोदावरी गप्प बसेल? "काय गं, तुझी नणंद कसल्या गोळ्या खाते?" मी म्हटलं, गळ्याच्या. "हो का," ती म्हणाली, "गळ्यापर्यंत आलं म्हण की." मी घरी येऊन चुलीशी रडले आणि तुम्हाला सांगितलं नाही. त्याच डॉक्टरला तुम्ही आपल्या नंदाचे टॉन्सिल दाखवलेत आणि मोठं ऑपरेशन टळलं, तेही मी गोदावरीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती दुसरंच काही म्हणाली असती.

तुमचं ते असोसिएशनचं ओळखपत्र. त्यावरचा फोटो मी कितीदा बघितला असेन. त्यात तुम्ही हसताय. दात दिसताहेत. घरात तुम्हाला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी फोटोतल्या तुमच्याकडे बघायचेच नाही, विचार करायचे, समोर कॅमेऱ्यामागे कोण उभं होतं?

वर्षातून एकदा मेंबरांची सहल जायची. वर्सोव्याहून तरीने मढला. तुम्ही उन्हात भाजून, आवाज बसवून परत यायचा. "आवाज सांभाळायचा असतो ना?" मी टोमणा मारायचे. तुम्ही पिशवीतून सुके बोंबील काढून माझ्यापुढे ठेवायचा. "घे, तुझ्या आवडीचे. निवडून आणलेत." बोंबील आले की माझं तोंड बंद व्हायचं. तुम्हाला ते माहीत होतं. हाही एक डावच होता तुमचा.

पण सगळ्यांत वाईट ती गाडी.

रेकॉर्डिंग लांबलं, दिवे लागून गेले, की बायकांना गाडीने दारापर्यंत सोडायचं, असा असोसिएशनने नियम करून घेतला होता. म्हणजे तुम्ही म्हणायचा, नियम आहे. तो झाला कसा तेही तुम्ही मला सांगितलं होतं. कोरसमधल्या एका मुलीला बसस्टॉपवरून घरी जाताना माणसं त्रास द्यायची. पुढच्या रेकॉर्डिंगला तुम्ही सगळ्या जणी माईकसमोर उभ्या राहिलात आणि तोंड उघडलं नाही. वाजवणारे वाजवून थांबले, पुन्हा वाजवून थांबले. शेवटी कंपनीवाला म्हणाला, गाडी देतो पण गा.

"गाणाऱ्या बायकांनी तोंड मिटलं आणि गाडी मिळाली?" मी म्हटलं. "वन्सं, मी चौथीच शिकले आहे, पण दुधखुळी नाही."

आपल्या चाळीत गाडी फक्त दोनदा येते. नवरी न्यायला आणि आजारी माणूस न्यायला. आणि तुम्ही खुशाल फियाटमधून उतरायचा. तेही कसं? आधी एक पाय खाली. मग पदर सारखा करायचा. मग पर्स. मग गॅलरीतल्या सगळ्यांकडे एकदा बघून घ्यायचं, आणि मागे वळून ड्रायव्हरला, मागच्या खोलीतल्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "उद्या दहाला."

"पटकन उतरत जा हो," मी हात जोडले एकदा. "अंधारात गुपचूप जिना चढून या. तेवढं कोण बघतंय?"

"लपून उतरले तर लपवण्यासारखं आहे असं होईल, वहिनी."

"आणि दाखवून उतरलात तर?"

"तर निदान काय बघायचं ते त्यांना नीट दिसेल."

ह्यावर आपलं भांडण झालं. ते कधी मिटलंच नाही. रत्नागिरीकडच्यांचं स्थळ आलं होतं ना तुमचं, चांगली माणसं होती, पोह्यांची बशी हातात घेऊन त्या मुलाच्या मामाने एवढंच विचारलं, "सोडायला गाडी कुणाची येते?" तुम्ही म्हणालात, "असोसिएशनची." मामांनी बशी खाली ठेवली. दादा त्या दिवशी जेवले नाहीत. तुम्ही मात्र उरलेले पोहे खाल्लेत, मुकाट. मला वाटलं, हिला काहीच कसं वाटत नाही? म्हणजे हिचं कुठेतरी दुसरीकडे जमलेलं आहे. आणि माझ्या कानात तो आवाज, "सुमनला सांगा."

पुढे गिरणीचा संप झाला आणि दादा घरी बसले. त्या दिवसांत आपली चूल कशावर पेटत होती ते ह्या घरात कुणी बोलत नाही. मी लिहून ठेवते. तुमच्या गाण्यावर पेटत होती. ते गाणं मला ऐकू येत नव्हतं, तरी भात शिजत होता.

आता नंदाचं. गेल्या वर्षी तुम्ही म्हणालात, दर शनिवारी मी हिला शिवणाच्या क्लासला नेत जाईन, मुलीच्या जातीला उपयोगी पडतं. मला बरं वाटलं. पण वर्षभर क्लासला जाणाऱ्या मुलीला ब्लाउजचं काज करता येऊ नये? मी सुईदोरा दिला तर तिने गाठच मारली. मी तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "आधी कागदावर शिकवतात." एवढं वर्ष कागदावर? पण तेव्हा तुम्हाला बारीक ताप यायला लागला होता, डोळे पिवळे दिसायला लागले होते, आणि माझं लक्ष तिकडे गेलं.

हॉस्पिटलमध्ये त्या दुपारी मी तुम्हाला ताक पाजत होते. तुम्ही माझं मनगट धरलंत. म्हणालात, "बोलावतील तेव्हा नंदाला घेऊन जा. भांडू नकोस."

"कोण बोलावतील?"

तेवढ्यात नर्स आली, मला बाहेर काढलं. मला वाटलं, तापातलं बोलणं असेल. यमाचे दूत वगैरे दिसत असतील. परत आत गेले तेव्हा तुम्ही झोपला होतात, आणि नंतर आपलं बोलणं झालंच नाही. ते वाक्य माझ्याकडे तसंच राहिलं, अर्धं.

मालतीबाई म्हणाल्या, रविवारी या, तेव्हा ते वाक्य उठून उभं राहिलं. ह्या बायका येणार हे तुम्हाला ठाऊक होतं तर!

दादा म्हणाले, "काही जायचं नाही. एक गेली तेवढी पुरे. माझ्या मुलीला त्या गाडीतून उतरताना मला बघायचं नाही."

"मला बघून येऊ दे," मी म्हटलं. "इतकी वर्षं मला जे कळलं नाही ते कळू दे. मग नाही म्हणू."

खरंच मी नाही म्हणायच्याच तयारीने गेले, वन्सं. नंदाला बरोबर घेतलं ते तुम्ही सांगितलं होतंत म्हणून आणि तिच्यावर नजर ठेवता यावी म्हणून.

पार्ल्याला शाळेच्या मागचा तो हॉल. दारात एक म्हातारा उभा, पाठीत वाकलेला, छातीत सूं सूं वाजणारा. त्याने हात जोडले. "या बाई. सुमनची वहिनी ना?" आणि मी होते तिथेच थांबले. तोच फोनवरचा आवाज, फर्नांडिस मास्टर. सगळं शरीर झिजलं होतं, आवाज तेवढा तसाच मधाळ. मनात म्हटलं, असेल म्हातारा. पूर्वी म्हातारा होता का? पण चहाच्या किटलीशी त्यांची बायको होती, फ्रॉक घातलेली, जाडशी. तिचे डोळे रडून सुजले होते. मला बघून तिने पुन्हा रडायला सुरुवात केली आणि माझ्या गळ्यात पडली. मी तिच्याकडे नीट बघून घेतलं. बायकोला कळतं. कळलं असतं तर ती अशी रडली नसती. तेव्हा कुठे तो एक संशय मी खाली ठेवला. बाकीचे घेऊन खुर्चीवर बसले.

बायका माईकसमोर उभ्या राहिल्या. त्या दिवशी आपल्या भिंतीला ज्या क्रमाने बसल्या होत्या, त्याच क्रमाने. आणि त्या दोघींच्या मध्ये तेवढीच मोकळी जागा.

मालतीबाई हळू आवाजात मला म्हणाल्या, "आज सुमनचं कुणी गायचं नाही. तिचं तेवढं सोडून बाकीचं सगळं गायचं. आमची हीच श्रद्धांजली."

मास्टरांनी हात वर केला. तेच कोळीगीत. मला पाठ झालेलं. होडी निघाली, आणि मागून बायकांनी साद दिली.

आणि मला काहीतरी खटकलं. सूर तेच, शब्द तेच, तरी ते गाणं डुगडुगत होतं. डोक्यावर घागर घेतली आणि खालची चुंबळ कुणीतरी काढून घेतली, तसं. घागर आहे, पाणी आहे, पण आता पडेल की मग पडेल. मी खुर्चीच्या कडेला धरलं. काय नाही ह्यात? काय काढून घेतलं? आणि माझ्याच कानात उत्तर आलं. ते घुमणं नाही.

तुमचं ते घुमणं, वन्सं! दुपारी तांदूळ निवडताना, तोंड मिटून, नाकातून, एकाच जागी चाललेलं. ना चाल, ना शब्द. माशी बाटलीत अडकल्यासारखं. मी दुपारची जरा आडवी व्हायचे आणि तुमचं सुरू. "वन्सं, बंद करा हो ते, डोकं उठलं," मी म्हणायचे. तुम्ही थांबायचा आणि थोड्या वेळाने परत. मला वाटायचं, खोड आहे. सासूबाईंनाही दात खायची खोड होती. इतकी वर्षं मी म्हणत होते, वन्सं घरात गात नाहीत. आणि मी रोज डोक्यावर उशी घेऊन तुमचं गाणं ऐकत होते.

दुसऱ्यांदा साद आली. आता मला ते भोक स्पष्ट ऐकू येत होतं. तुमच्या मापाचं.

आणि मग ते भरलं.

मला आधी वाटलं, पंखा. मग वाटलं, मीच. मग मी शेजारी बघितलं. नंदा ताठ बसली होती. तोंड मिटलेलं, हात मांडीवर आवळलेले, नजर समोर. आणि तिच्या नाकातून ते घुमणं येत होतं. तुमचंच, पण कोवळं. चुंबळ घागरीखाली गेली आणि घागर थांबली. त्या दोघी बायका रडता रडता गात होत्या. मास्टरांनी मागे वळून बघितलं नाही. फक्त त्यांचा डावा हात आमच्याकडे आला आणि खाली, आणखी खाली, असं दाखवायला लागला. आणि नंदा खाली गेली. त्या हाताचा अर्थ तिला आधीपासून माहीत होता.

मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. चिमटा काढायला ठेवला होता. काढला नाही.

चहाच्या वेळी मी तिला कोपऱ्यात घेतलं. "शिवणाचा क्लास?"

"इथेच यायचो, आई. शनिवारी असोसिएशन मेंबरांच्या मुलांना शिकवते. आत्या म्हणाली, आत्ता आईला सांगू नकोस. घाबरेल."

"आणि घरी?"

"घरी तुझ्यासमोरच शिकवायची की. तांदूळ निवडताना. मी अभ्यास करताना तिच्या मागे मागे घुमायचे. तू म्हणायचीस, दोघींनी डोकं उठवलंय."

म्हणजे माझा संशय खरा होता, वन्सं. वर्षानुवर्षं मी म्हणत होते, ही बाई काहीतरी लपवते. लपवत होताच. बाप्या नव्हता, दुसरं काही नव्हतं, माझीच लेक होती. माझ्या नाकासमोर, सुपातल्या तांदळांवर, तुम्ही ती तुमच्याकडे वळवून घेतलीत. ह्याचा राग अजून गेलेला नाही. घाबरेल म्हणे! घाबरले असते तर घाबरले असते. विचारायचं तरी होतंत. मी नाही म्हटलं असतं, हे खरं. पण तुम्ही विचारलं नाहीत, हेही खरंच. आता हे भांडण मी कुणाशी करू?

मी मालतीबाईंपुढे जाऊन उभी राहिले. मीच बोलले. एवढ्या माणसांत मी तोंड उघडलं ते पहिल्यांदा.

"ती येईल. पण मी बरोबर येणार. प्रत्येक वेळी."

"वहिनी, आत सोडत नाहीत कुणाला."

"मग बाहेर बसेन."

"बाहेर पंखा नाही, बाई," मास्टर म्हणाले. "डास आहेत. पाच पाच तास चालतं."

"चालू दे. मला तुमच्यावर भरवसा नाही."

मास्टर इतके हसले की त्यांचा दमा उसळला आणि बायकोला धावत यावं लागलं. "सुमन म्हणायची," ते खोकता खोकता म्हणाले, "माझ्या वहिनीचा देवावर पण नाही."

घरी आल्यावर दादांना मी काय सांगितलं असेन? एवढंच म्हटलं, ती जाणार, मी सोबत जाणार.

"तू? तू केशवजीच्या फोनला घाबरतेस."

"घाबरत जाईन," मी म्हटलं.

दादांनी टेपरेकॉर्डर लावला. ती कॅसेट. आम्ही दोघं बसून ऐकलं. मी त्यांना बोटाने दाखवलं, हे बघा, हे, खाली, इथे आहेत वन्सं. त्यांना ऐकू आलं की नाही, कोण जाणे. डोळे पुसून ते पाणी आणायला गेले, आणि पाण्याची वेळ नव्हती.

काल नंदाचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. बाहेरच्या बाकावर मी बसले होते. दारावर लाल दिवा. तो पेटला की आत गाणं चालू, विझला की थांबलं. दार इतकं जाड की काही ऐकू येत नाही. दिवा पेटला की मी मनात म्हणायचे, आता घुमत असेल. विझला की म्हणायचे, आता का थांबले? कोण काय बोललं तिला? आत कोण कोण गेलं, कोण बाहेर आलं, सगळं मी बघून ठेवलंय. डास चावले. तुम्ही ह्याच बाकावर बसून चपला काढत असाल, असं एकदा मनात आलं आणि मी माझ्या चपला टाचेला टाच लावून ठेवल्या.

दिवे लागून गेले आणि गाडी आली. फियाट. ड्रायव्हरचं तोंड मी आरशात बघून घेतलं. बरा वाटला, पण अजून सांगता येत नाही.

चाळीच्या तोंडाशी गाडी थांबली. कठड्याला गोदावरी, तिच्या बाजूला तिची सून, वर आणखी कोण कोण. नंदाने मान खाली घातली आणि दार उघडून पळायलाच निघाली. मी तिचा हात धरून ठेवला.

"सावकाश."

"आई, सगळे बघतायत."

"बघू देत. नीट दिसू दे त्यांना."

मी आधी एक पाय खाली ठेवला. पदर सारखा केला. मग पिशवी घेतली. मग मान वर करून गोदावरीकडे बघितलं. वन्सं, घाबरलेच होते मी. पण मी मागे वळले आणि केशवजीच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ड्रायव्हरला सांगितलं, "उद्या दहाला."